बरं न झालेल्यांची साक्ष

अर्धविराम

चर्चच्या उपासनेत साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायची, वेळ झाली की माईकपाशी कोण जातं, ते कधी नीट पाहिलंय? ऑपरेशन पार पडलेला माणूस. दारू सुटलेला. नैराश्यातून 'बाहेर आलेली' ताई. गोष्टीला शेवट लागला की माईक मिळतो. ज्यांची गोष्ट अजून चालूच आहे त्यांचं नाव प्रार्थनेच्या यादीत असतं. काही महिन्यांनी तेही हळूच गळतं, कारण दर रविवारी तेच नाव वाचायचा यादी वाचणाऱ्यालाही कंटाळा येतो.

मला बायपोलर आहे, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांत झुलवणारा मनाचा आजार. गोळ्या चालू आहेत, नोकरी चालू आहे, गायनमंडळात दुसरा आवाज गाते. 'सुटका झाली' असं मी म्हणू शकत नाही. पण हा धागा माझ्या कहाणीसाठी काढलेला नाही, पाळकीय (पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू) ईश्वरविज्ञानाबद्दल आहे. म्हणजे 'देवाने हे का होऊ दिलं' हा प्रश्न बाजूला ठेवून 'आता मंडळीने (चर्चच्या लोकांनी) काय करायचं' हा प्रश्न.

माझं म्हणणं असं, की शास्त्रात (बायबलमध्ये) बरे न झालेले लोक भरपूर आहेत आणि तिथं त्यांना बोलू दिलेलं आहे. गाळतो ते आपण.

प्रेषित पौलाच्या 'शरीरातला काटा', म्हणजे त्याचा न सुटलेला त्रास, सगळ्यांना पाठ असतो. तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. पण त्यावरची प्रवचनं 'कृपा पुरे आहे' इथं धावत येतात आणि टाळ्या घेऊन बसतात. मला त्याहून पौलाचा सोबती त्रफिम आवडतो, कारण त्याच्यावर कुणी प्रवचनच करत नाही. पौलाच्या पत्रात, २ तीमथ्य ४:२० मध्ये, त्याला मोजून अर्धं वाक्य आहे: तो आजारी होता म्हणून त्याला मी मिलेतात ठेवून आलो. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेले आणि लोक बरे झाले असं प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये आहे, तोच पौल आपल्या सोबत्याला आजारी ठेवून पुढं जातो. कारण दिलेलं नाही, त्रफिमचा विश्वास कमी पडला असा शेराही नाही. निरोपांच्या गर्दीत साधी नोंद.

दुसरं, स्तोत्र ८८. बहुतेक विलापस्तोत्रं रडतरडत का होईना, शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच थांबतं. तरी ते कोरहाच्या वंशजांच्या, म्हणजे मंदिरातल्या गायकांच्या, गायनात ठेवलं गेलं. म्हणजे एकाचा अंधार सगळ्यांनी मिळून गायचा, अशी सोय होती. तुमच्या मंडळीत हे स्तोत्र उपासनेत शेवटचं कधी वाचलं गेलं? खरंच विचारतेय.


चाकांवर

त्रफिमवरच्या प्रवचनाला मी पहिल्या रांगेत बसेन. (खुर्ची माझी मीच आणतो.)

माझा अनुभव तुमच्या उलट आहे. तुमचं दिसत नाही म्हणून लोक विश्वास ठेवत नाहीत, माझं दिसतं म्हणून विचारायच्या आधीच हात ठेवतात. पाठीमागून, थेट डोक्यावर. ब्रेक लावलेला नसेल तर प्रार्थनेच्या आवेशात व्हीलचेअर पुढं सरकते, मग मी दोन्ही हातांनी चाकं घट्ट धरून 'आमेन' म्हणतो. प्रार्थना करणारा घामाघूम. मी उठलो नाही की त्याचा चेहरा असा होतो की मलाच त्याचं सांत्वन करावंसं वाटतं.

मंडळीने रॅम्प बांधला, फीत कापली, फोटो निघाले. रॅम्प दारापर्यंत आहे. शास्त्रवाचन जिथून होतं तिथं चढायला पायऱ्या. म्हणजे मी आत येऊन ऐकावं इथपर्यंत विचार झाला, मी वाचावं हे कुणाच्या गावीही नव्हतं.

अपंगत्वाच्या ईश्वरविज्ञानावर नॅन्सी आयस्लंड यांचं १९९४ चं लेखन अजूनही पायाभूत मानलं जातं. त्या अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात शिकवायच्या, जन्मापासून हाडांचा विकार, लहानपणापासून शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया. २००९ मध्ये गेल्या. त्यांचा मुद्दा पुनरुत्थित येशूच्या हातापायांवर आहे. मरणावर विजय मिळवलेलं शरीर, तरी खिळ्यांच्या खुणा तशाच. तो शिष्यांना त्या दाखवतो, आणि त्यावरूनच ते त्याला ओळखतात. तेव्हा पूर्णत्व म्हणजे डाग नसलेलं शरीर, हे समीकरण पुनरुत्थानाच्या सकाळीच मोडलं. 'स्वर्गात तू धडधाकट होशील' असं लोक त्यांना प्रेमानेच सांगायचे, आणि बाईंना वाटायचं की तसं झालं तर मीच मला ओळखणार नाही.

आणि हे काही नव्या जमान्याचं खूळ नाही. प्राचीन मंडळीचा विचारवंत ऑगस्टीन याने पाचव्या शतकातच लिहून ठेवलंय की हुतात्म्यांच्या जखमांच्या खुणा पुनरुत्थित शरीरावर राहतील आणि त्या शोभून दिसतील.


तेलाचा दिवा

तुम्हा दोघांच्या वेदनेबद्दल आदर आहे. पण एकतर्फी लिहिलंय, म्हणून बोलतो.

प्रभूने भेटलेल्या आजाऱ्याला 'असाच राहा, तू सुंदर आहेस' असं सांगितल्याचं एक उदाहरण दाखवा. बरं केलं. याकोब ५ मध्ये स्पष्ट आज्ञा आहे, मंडळीच्या वडीलजनांना बोलवा, तेल लावा, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. हे अपवादात्मक वचन नाही, मंडळीची नेहमीची रीत म्हणून दिलंय. माझ्या आईला डॉक्टरांनी हात टेकल्यावर प्रार्थनेने गुण आला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ती साक्ष मी का लपवू? लोकांनी बरं होण्याची अपेक्षाच सोडली तर प्रार्थनाही सोडतील.

आणि पापाचा संबंध सरसकट नाकारू नका. योहान ५:१४ वाचा, 'पुन्हा पाप करू नको, नाहीतर याहून वाईट होईल.'


अर्धविराम

@तेलाचा दिवा, आईची साक्ष लपवू नका, जरूर सांगा. तुमच्यानंतर अजून आजारी असलेल्या बाईलाही बोलू द्या, एवढंच मागणं आहे.

योहान ५:१४ अवघड वचन आहे, मान्य. पण चारच अध्याय पुढं, योहान ९ मध्ये, शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात की पाप कुणी केलं, याने की आईबापांनी? उत्तर येतं, याने नाही आणि आईबापांनीही नाही. तेव्हा एका वचनावरून सगळ्यांसाठी नियम काढायचा असेल तर कुठल्या वचनावरून काढायचा, ते आधी ठरवावं लागेल. येशूने एका माणसाला, त्याला आतबाहेर ओळखून जे सांगितलं, ते आपण दहा मिनिटांच्या ओळखीवर कुणालाही सांगावं का?

बाय द वे, योहान ९ मधल्या माणसाला शेवटी सभास्थानातून हाकललं जातं. बरा झाल्यावर!


मेंढपाळाची काठी

निवृत्त पाळक आहे, तेव्हा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या शिक्षणात आजाऱ्याच्या भेटीचा विषय होता, पण मनोरुग्णाच्या भेटीचा जवळजवळ नव्हता. पुढं एका रुग्णालयात प्रशिक्षण घेतलं तेव्हा अँटन बॉइसन हे नाव कळलं. हा धागा वाचताना सारखी त्यांची आठवण येतेय.

बॉइसन अमेरिकन पाळक. १९२० मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांना मनोविकाराचा मोठा झटका आला आणि रुग्णालयात बंदिस्त विभागात ठेवावं लागलं. भ्रम, जगबुडीची दृश्यं, सगळं. बाहेर आल्यावर ते १९२४ मध्ये वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लन (रुग्णालयाचे पाळक) झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तिथं घेऊन आले. म्हणाले, पुस्तकं वाचता तशी ही माणसं वाचा, ही जिवंत दस्तऐवज आहेत. आज जगभर रुग्णालयातल्या पाळकीय सेवेचं जे प्रशिक्षण चालतं त्याचं मूळ तिथं आहे. आणि अर्धविराम, तुमच्या मुद्द्याची गोष्ट पुढं आहे. बॉइसन 'बरे' झाले नव्हते. १९३० आणि १९३५ मध्ये पुन्हा झटके आले, पुन्हा दाखल व्हावं लागलं. दोन्ही वेळा परत येऊन कामाला लागले.

आता पाळकांच्या कामाबद्दल. पाळकीय ईश्वरविज्ञानाचे अमेरिकन अभ्यासक सुअर्ड हिल्टनर यांनी १९५८ मध्ये पाळकीय कामाचे तीन पदर मांडले: बरं करणं, टिकवून धरणं आणि वाट दाखवणं. काही वर्षांनी इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या दोघांनी त्यात चौथा पदर जोडला, समेट घडवणं. मंडळीचं सगळं लक्ष पहिल्यावर असतं, कारण त्याचा निकाल दिसतो. टिकवून धरण्याचा निकाल दिसत नाही. दर आठवड्याला त्याच घरी जायचं, तीच खुर्ची, तेच बोलणं, किंवा बोलणंच नाही. वार्षिक अहवालात काय लिहिणार? 'गेल्या वर्षी जशा होत्या तशाच आहेत, आणि अजून आहेत.' माझ्या मते तो अहवाल उत्तम आहे, पण कमिटीत वाचून दाखवायची माझी छाती कधी झाली नाही.


शंकेखोर

मी श्रद्धावंत नाही, पण धागा चांगला चाललाय म्हणून डोकावलो. एक रोखठोक प्रश्न. टिकवून धरणं, सोबत, घरासारखी मंडळी, हे सगळं ऐकायला गोड आहे. याच क्षेत्रातलं सगळ्यांत गाजलेलं नाव ज्याँ व्हानिए. त्याचं काय झालं ते इथं कुणी काढणार का?


मेंढपाळाची काठी

काढायलाच हवं. व्हानिए यांनी १९६४ मध्ये फ्रान्समधल्या ट्रोली-ब्रोई या गावात बौद्धिक अपंगत्व असलेल्या पुरुषांना संस्थेतून बाहेर आणून स्वतःबरोबर घरात ठेवलं. त्यातून लार्श ही चळवळ उभी राहिली, जगभर पसरली. ते २०१९ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी लार्शने स्वतः नेमलेल्या चौकशीत निघालं की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. २०२३ च्या सविस्तर अहवालात तो आकडा किमान पंचविसावर गेला. या स्त्रिया अपंगत्व असलेल्या नव्हत्या. पण त्याने गुन्हा लहान होत नाही.

मी यातून एवढं घेतलं: पाळक आणि खचलेला माणूस यांच्यात सत्ता असते, आणि ती गोड बोलण्याने झाकली जाते. बंद दाराआडचं 'खास' मार्गदर्शन, कुणाला सांगू नको अशी अट, डॉक्टरांपेक्षा मला जास्त कळतं असा सूर, यातलं काहीही दिसलं तर उठून बाहेर या.

त्याच चळवळीत गेलेले हेन्री नाउवेन यांचं मात्र नाव घेतो. विद्यापीठातली मानाची जागा सोडून ते १९८६ मध्ये टोरांटोजवळच्या लार्शच्या घरात राहायला गेले. तिथं अॅडम नावाच्या, बोलता न येणाऱ्या तरुणाला सकाळी उठवून, आंघोळ घालून, कपडे करून, नाश्ता भरवायचं काम त्यांच्याकडे आलं. त्याला दोनेक तास लागत. पुढच्या वर्षी नाउवेन स्वतःच तीव्र नैराश्यात गेले आणि काही महिने उपचारासाठी लांब राहिले. दुसऱ्यांना आधार देण्यावर व्याख्यानं देणारा माणूस. तो परत आला, ते पाळक म्हणूनच.


मनोडॉक

मानसोपचारतज्ज्ञ आहे. ईश्वरविज्ञानात मला गती नाही, पण मंडळीतल्या काही गोष्टी थेट माझ्या ओपीडीत येतात, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट उपास-प्रार्थना. लिथियम (बायपोलरवरचं औषध) घेणाऱ्या माणसाने पाणी न पिता उपास करणं धोक्याचं आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातली लिथियमची पातळी चढते. हाताची थरथर अचानक वाढणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं, बोलणं जड होणं ही विषबाधेची लक्षणं आहेत, तेव्हा लगेच रुग्णालय. मधुमेहींना आपण उपासातून सूट देतो, तशी इथंही द्या. त्याहून बरं म्हणजे सूट मागायची वेळच आणू नका. उपास जाहीर करतानाच 'ज्यांची औषधं चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारावं' असं म्हणून टाका. चौघांत हात वर करायला लावू नका.

दुसरी, रात्रभराची प्रार्थना. बायपोलर असलेल्या माणसाची एक रात्रीची झोप गेली तरी उन्मादाचा झटका सुरू होऊ शकतो. सुरुवातीला तो झटका भक्तीसारखा दिसतो. अखंड प्रार्थना, अफाट उत्साह, देवाने मला निवडलंय अशी खात्री. मंडळी कौतुक करते. आठवड्याने तोच माणूस झोप नाही, पैसे उधळलेले, घरच्यांशी भांडणं अशा अवस्थेत माझ्याकडे येतो. किंवा येत नाही.

तिसरी, 'विश्वास असेल तर गोळ्या बंद कर.' यावर मी सभ्य भाषेत काही लिहू शकत नाही.


अर्धविराम

डॉक, थरथरीवरून एक. लिथियमने माझे हात बारीक थरथरतात. प्रभुभोजनाचा (उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचा) तो इवलासा पेला हातात आला की द्राक्षरस काठापर्यंत हलतो, एक-दोन थेंब बोटांवर येतात. शेजारच्या बाईंनी एकदा माझा हात धरला आणि पुटपुटत अंधाराच्या शक्तींना धमकावलं. मी म्हटलं, मावशी, गोळीने होतंय. त्या म्हणाल्या, तेच तर. आता मी पेला दोन्ही हातांनी धरते.

पुढच्या खेपेला पेला देणाऱ्या भावाने आपणहून अर्धाच भरून दिला. बोलला काही नाही. माझ्यासाठी मंडळीने केलेली आजवरची सगळ्यांत मोठी पाळकीय सेवा ती.


तेलाचा दिवा

मावशींचं चुकलं, मान्य. पण दुष्टात्मे नसतातच असं म्हणायचंय का इथं? मार्क ५ मधली भूतबाधा झालेल्या माणसाची गोष्ट काय रूपक आहे?


मेंढपाळाची काठी

मी तसं म्हणत नाही. पण जुन्या मंडळ्याही तुमच्या-माझ्यापेक्षा सावध होत्या. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात भूतबाधा उतरवणाऱ्या याजकाला पहिलीच सूचना आहे की एखाद्याला बाधा झालीय यावर सहजासहजी विश्वास ठेवू नको. १९९९ मध्ये कॅथलिक मंडळीने हा विधी सुधारला, त्यातही मनोविकाराचा प्रश्न आधी तपासावा असं बजावलंय. सतराव्या शतकातल्या याजकाला जेवढी घाई नव्हती तेवढी आपल्याला का असावी?

आणि मार्क ५ चा शेवट वाचा. तो माणूस कपडे घालून, शुद्धीवर येऊन बसलाय, आणि गावकरी घाबरलेत. वेडा असताना त्यांनी त्याची व्यवस्था लावली होती: साखळ्या, थडगी. शहाणा झाल्यावर त्याच्याशी कसं वागायचं ते त्यांना कळेना.


मंत्रचळी

टोपणनावावरून आजार कळलाच असेल, मंत्रचळ म्हणजे ओसीडी. माझ्याबाबतीत प्रकार थोडा वेगळा आहे. माझ्या आजाराला धर्म फार आवडतो. पवित्र आत्म्याची निंदा माझ्या मनात आली का? कबुली नीट दिली का? एखादं पाप राहून गेलं का? पाळकांना फोन. ते म्हणाले क्षमा झाली, अर्धा तास बरं वाटलं. मग वाटलं, मी नीट सांगितलंच नाही. परत फोन. पाळक बिचारे दयाळू, दर वेळी धीर द्यायचे. प्रत्येक धिराने आजार पोसला जात होता, हे त्यांना आणि मला दोघांनाही थेरपिस्टने सांगितलं. आता आमचं ठरलंय: तेच पाप दुसऱ्यांदा ऐकायचं नाही. मी फोन केला की ते म्हणतात, 'यावर मी आज उत्तर देणार नाही, रविवारी भेटू.' सुरुवातीला जीव गेल्यासारखं व्हायचं. पण थेरपीत जे करतो तेच हे, शंका उठू द्यायची आणि तिला उत्तर द्यायचं नाही.

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोलाही यातून गेला होता हे कळलं तेव्हा हायसं वाटलं. १५२२ मध्ये, मान्रेसात. जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करत राहिला, इतका की जीव द्यावासा वाटू लागला. सुटला तो जुन्या पापांची कबुली पुन्हा द्यायची नाही असं ठरवून. आणि प्रोटेस्टंट चळवळीचा जनक लूथर तासन्‌तास कबुली देऊन आपल्या वरिष्ठाला, श्टाउपित्सला, वैताग आणायचा. मोठ्या लोकांच्या पंगतीत आहे मी!


सावली_दुपारची

मला इथं लिहावं की नाही कळत नव्हतं. माझ्या मुलाला बौद्धिक अपंगत्व आहे, तो बोलत नाही. टॅबलेटवरची चित्रं दाबून थोडंफार सांगतो. त्याला प्रभुभोजन द्यायचं का यावर आमच्याकडे चर्चा झाली, त्याच्या समोर, तो नाहीच अशा थाटात. मुद्दा असा होता की त्याला 'अर्थ' कळतो का. मी विचारलं, तुम्हाला कळतो? ख्रिस्त भाकरीत नेमका कसा असतो यावर मंडळ्या फुटल्यात, युद्धं झालीत.

स्मरण करायचं तर त्याला रविवार आठवतो. भाकरीचं ताट दिसलं की तो टॅबलेटवर 'आपण' हे चित्र दाबतो. 'मी' नाही. 'आपण.'

निर्गम ४ मध्ये मोशे म्हणतो मला बोलता येत नाही, मी जड जिभेचा आहे. देव त्याची जीभ सुधारत नाही. त्याचा भाऊ अहरोन देतो, तो तुझ्या वतीने बोलेल म्हणतो. माझ्या मुलाचा टॅबलेट मला अहरोनच वाटतो. काम तर मोशेकडेच राहिलं ना.


चाकांवर

@सावली, +१०००. चर्चेच्या वेळी तो तिथं बसला होता, हे वाचून मूठ आवळली गेली.

अवांतर, पण विषयाला धरून. वर मी आयस्लंडबाईंचं म्हटलं, ते माझ्या पायांना लागू पडतं. अर्धविराम, तुमच्या आजाराला पडतं का? माझी व्हीलचेअर स्वर्गात आली तर मला चालेल. नैराश्य आलं तर?


अर्धविराम

बरोबर बोट ठेवलंत. नाही पडत. उन्मादाची तीव्रता आणि नंतरचा तो खड्डा, यांचा खुणा म्हणूनही मला अभिमान नाही. जायला हवेत. अपंगत्वाच्या ईश्वरविज्ञानात 'मी असाच पूर्ण आहे' हा सूर जोरदार आहे, तो हवाच, पण माझ्यासारख्यांना त्यात बसवलं की आमचा त्रास पुसला जातो. आणि 'त्रास' या खात्यात टाकलं की लगेच तेल, उपास आणि रात्रभराची प्रार्थना. मला दोन्ही म्हणायचंय: हे जावं असं वाटतं, आणि ते जाईपर्यंत मी अर्धी सभासद नाही.

बेल्जियममधल्या खेल या गावाची गोष्ट मला म्हणूनच आवडते. संत डिम्फनाच्या देवळात मध्ययुगापासून लोक मनोरुग्णांना बरं करायला आणत. देवळालगतच्या खोल्या भरल्या की रुग्ण गावातल्या घरांत राहायचे. बरे झाले ते गेले. जे झाले नाहीत त्यातले कित्येक तिथंच राहिले, त्या घरांत जेवले, शेतात राबले. ती रीत शतकानुशतकं चालली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस असे साडेतीन हजारांहून जास्त लोक तिथल्या कुटुंबांत राहत होते, आणि ती पद्धत लहान प्रमाणात अजून आहे. चमत्काराच्या नावाने सुरू झालेल्या गावाची ख्याती चमत्कार न झालेल्यांमुळे झाली.


पाऊलखुणा

खूप दिवस वाचनमात्र होतो. माझ्या भावाने आत्महत्या केली. अंत्यविधीला पाळक आले, पण 'अशा' मरणाबद्दल जे बोलले ते आई अजून रात्री उठून आठवते. त्याचं तारण (मुक्ती) नाही का? मला खरं उत्तर हवंय, बरं वाटावं म्हणून दिलेलं नको.


मेंढपाळाची काठी

खरं तेच सांगतो. मंडळीने या बाबतीत फार कठोरपणा केलाय. सहाव्या शतकात ब्रागाच्या परिषदेने असे अंत्यविधी नाकारले. १९१७ च्या कॅथलिक कायद्यातही जाणूनबुजून जीव दिलेल्याला मंडळीचं दफन नाकारलं होतं. १९८३ च्या नव्या कायद्यात ती बंदी उरली नाही. १९९२ च्या कॅथलिक शिक्षणग्रंथात तर स्पष्ट म्हटलंय की गंभीर मानसिक त्रासाने माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा माणसाच्या तारणाबद्दल निराश होऊ नये.

प्रोटेस्टंट असाल तर लूथर ऐका. तो म्हणाला की अशी माणसं नरकात जातात असं मी मानत नाही. जंगलात दरोडेखोराने एखाद्याला मारावं तसं त्यांचं होतं. ज्याला मारलं त्याच्यावर आपण खटला भरत नाही.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल म्हणतो की मरणही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही. 'अमुक प्रकारचं मरण सोडून' अशी तळटीप तिथं नाही. आईला सांगा, एका म्हाताऱ्या पाळकाने असं लिहिलंय. आणि तुमची हरकत नसेल तर भावाच्या नावाने मी या रविवारी प्रार्थना करतो.


मनोडॉक

@पाऊलखुणा, अशा मृत्यूनंतर घरच्यांनाही धोका वाढतो, म्हणून विचारते: तुमचं स्वतःचं कसं चाललंय? तसे विचार येत असतील तर आजच जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना गाठा. निरोप टाकलाय, उत्तर द्या.


पाऊलखुणा

दिलंय. आईला वाचून दाखवलं. आभार. रविवारी घ्या त्याचं नाव.


तेलाचा दिवा

या धाग्यावर दोन दिवस काही लिहिलं नाही. माझं मत बदललेलं नाही, मी तेल घेऊन जातच राहणार. पण एक विचारतो, खोचकपणे नाही. समजा मी आमच्या साक्षीच्या वेळी बरं न झालेल्यांना बोलावलं. कूपर नावाच्या अठराव्या शतकातल्या इंग्रज कवीचं मी वाचलंय. उत्तम गीतं लिहिली, आणि १७७३ नंतर देवाने आपल्याला टाकून दिलंय अशी खात्री धरून मरेपर्यंत देवळात पाऊल टाकलं नाही. अशा माणसाने माईकवर येऊन तेच सांगितलं तर? ऐकणाऱ्या दुबळ्यांचं काय?


मेंढपाळाची काठी

कूपरचे पाळक जॉन न्यूटन होते. १७७३ च्या त्या झटक्यात त्यांनी कूपरला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, वर्षाहून जास्त काळ. तुझं खरं आहे असं म्हटलं नाही, निघ असंही म्हटलं नाही. १७७९ मध्ये दोघांच्या गीतांचा संग्रह निघाला त्यात कूपरची साठाहून अधिक गीतं आहेत, ती आपण अजून गातो. त्यातला दुबळा कोण, ते मला ठरवता येत नाही.


अर्धविराम

@तेलाचा दिवा, प्रश्न रास्त आहे, आणि भीती नुसती ऐकणाऱ्यांची नाही, बोलणाऱ्याचीही आहे. उन्मादात मला माईक दिलात तर मी तासभर सोडणार नाही, आणि शुद्धीवर आल्यावर तोंड दाखवायची लाज वाटेल. तेव्हा आमच्या पाळकांपुढे मी ठेवलेला प्रस्ताव इथंच टाकते. बोलायचं ते आधी लिहून आणायचं. आठवडाभर आधी, बोलणाऱ्याने स्वतः निवडलेल्या एका माणसाने ते वाचायचं, आणि 'आत्ता नको' म्हणायचा अधिकार त्याच माणसाला, कमिटीला नाही. सकाळी उठून जमेनासं वाटलं तर कारण न देता रद्द, आणि पुढच्या खेपेला जागा राखीव. हवं तर दुसऱ्याने वाचून दाखवावं. शेवटी विजयाचं वाक्य जोडायची सक्ती नाही. आणि त्यानंतर लगेच 'यांच्यासाठी आपण प्रार्थना करू या' म्हणून सगळ्यांनी उठून हात ठेवायचे नाहीत, बोलणाऱ्याने मागितलं तरच. पाळक म्हणाले कमिटीत ठेवतो. चाकांवर, पायऱ्यांचा विषयही त्याच बैठकीत घ्यायला सांगितलाय. तुमच्या मंडळीने रॅम्पसाठी कुणाशी बोलून मापं काढली होती ते कळवा.